बुटीबोरीच्या पॅनेलमधले शीतयुद्ध

नागपूरहून वर्धा रस्त्याने दक्षिणेला निघाले की तासाभराच्या आत बुटीबोरी लागते. इथे रस्ता फुटतो. एक फाटा वर्ध्याकडे जातो, दुसरा हिंगणघाटवरून थेट हैदराबादकडे. या फाट्याच्या आजूबाजूला पसरलेली औद्योगिक वसाहत ही आशियातील सर्वांत मोठ्या वसाहतींपैकी एक म्हणून सांगितली जाते. पॉलिस्टरचा धागा, गाड्यांचे टायर, विजेच्या तारा पेलणारे लोखंडी मनोरे असे नाना प्रकारचे सामान इथून बाहेर पडते. कोळशावर चालणारा 600 मेगावॉटचा वीजप्रकल्पही याच वसाहतीत उभा आहे. या सगळ्यात अलीकडे सौर पॅनेलची भर पडली. अवादा समूहाचा प्रकल्प अतिरिक्त बुटीबोरीत आला आणि नागपूर परिसरासाठी या क्षेत्रातील आणखी मोठ्या गुंतवणुकीच्या घोषणाही होत आहेत.

सौर पॅनेलचा कारखाना आतून पाहिला, तर तो रासायनिक कारखान्यासारखा वाटत नाही; तिथे चालते ते मुख्यतः जुळणीचे काम. निळसर-काळ्या, तळहाताहून मोठ्या पातळ चकत्या यंत्राच्या एका टोकाला भरल्या जातात. तांब्याच्या बारीक पट्ट्यांनी त्या एकमेकींना डाग देऊन जोडल्या जातात, त्यांच्या माळा तयार होतात. माळांच्या खाली-वर प्लास्टिकचा पारदर्शक थर, त्यावर काच, मागे दुसरी काच किंवा जाड पडदा. मग हे सगळे भट्टीसारख्या यंत्रात तापवून, दाबून एकजीव करायचे, ॲल्युमिनियमची चौकट बसवायची, मागे जोडणीची डबी चिकटवायची आणि शेवटी कृत्रिम प्रकाशाच्या एका लखलखाटात किती वॉट मिळतात ते मोजायचे. पॅनेल तयार.

यातली खरी करामत त्या निळसर चकतीत असते. तिला सौरघट म्हणतात. कारखान्यातला शब्द ‘सेल’. केसाच्या जाडीच्या साधारण दुप्पट जाड असलेल्या सिलिकॉनच्या त्या चकतीवर ऊन पडले की वीज सुरू होते. भारतात आज पॅनेल जोडणारे कारखाने भरपूर झाले आहेत. केंद्राच्या मान्यताप्राप्त यादीतील पॅनेलनिर्मितीची क्षमता ऑगस्ट 2025 मध्ये वर्षाला 100 गिगावॉटच्या पुढे गेली. मात्र सेल बनवण्याची क्षमता त्याच्या पावभराच्या आसपास होती, आणि सेल ज्या कोऱ्या चकतीपासून बनतो ती चकती, म्हणजे वेफर, देशात अगदीच थोडी बनत होती. ती येते चीनहून. पॅनेल बनवणारी बहुतेक यंत्रेही तिथूनच येतात. दुसरीकडे, भारताबाहेर जाणारी जवळपास सगळी पॅनेल गेली काही वर्षे अमेरिकेला जात आली आहेत. म्हणजे देशातील कोणत्याही पॅनेल कारखान्याचे मागचे दार चीनकडे उघडते आणि पुढचे अमेरिकेकडे. या दोघांचे बिनसले की दोन्ही दारांवर थाप पडते.

हे आजचे झाले. पण महासत्तांच्या भांडणाशी सौरघटाचे नाते जुने आहे, त्याच्या जन्माइतकेच. ती स्पर्धा नसती तर हा सेल कदाचित खेळण्याच्या दुकानातच राहिला असता.

टेलिफोनसाठी शोध, उपग्रहाला उपयोग

अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीज ही टेलिफोन कंपनीची प्रयोगशाळा. उष्ण, दमट प्रदेशांतील टेलिफोनच्या दूरच्या ठाण्यांवर कोरड्या बॅटऱ्या लवकर खराब होत. त्यांना पर्याय शोधण्याचे काम डॅरिल चॅपिन या अभियंत्याकडे होते. त्याने आधी सेलेनियम वापरून पाहिले; उन्हातील ऊर्जेचा शंभरावा भागही विजेत उतरेना. त्याच संस्थेत केल्व्हिन फुलर हे रसायनशास्त्रज्ञ आणि जेराल्ड पिअर्सन हे भौतिकशास्त्रज्ञ सिलिकॉनमध्ये इतर मूलद्रव्यांचे अंश मिसळण्याचे प्रयोग करत होते. तिघांनी मिळून आर्सेनिकचा अंश असलेल्या सिलिकॉनवर बोरॉनचा अतिशय पातळ थर उतरवला आणि 25 एप्रिल 1954 रोजी पत्रकारांसमोर त्याचे प्रात्यक्षिक केले. जत्रेतल्या पाळण्याचे एक छोटे खेळणे दिव्याच्या उजेडावर फिरू लागले. कार्यक्षमता सुमारे 6 टक्के होती.

वर्तमानपत्रांनी कौतुक केले, पण गिऱ्हाईक मिळेना. एका वॉटसाठी सुमारे 300 डॉलर पडत. घरातला एक साधा 60 वॉटचा दिवा लावायचा तर 18 हजार डॉलर. त्या पैशांत तेव्हा अमेरिकेत घर येत असे. खेळणी आणि छोटे रेडिओ यांपलीकडे या वस्तूचे काय करावे हे कुणालाच कळत नव्हते.

4 ऑक्टोबर 1957 रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडला. त्याच्या पोटात बॅटरी होती. तीन आठवडे तो ‘बीप बीप’ करत राहिला आणि बॅटरी संपल्यावर मुका झाला. अमेरिकेत खळबळ उडाली. घाईघाईने डिसेंबरमध्ये सोडलेले व्हॅनगार्ड रॉकेट तळावरच, दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांसमोर, पेटले. या प्रकल्पाची सूत्रे नौदलाकडे होती. त्यातील उपग्रहावर सौरघट बसवावेत, असा हट्ट लष्कराच्या सिग्नल कोअरमधील हान्स झीग्लर हे जर्मन शास्त्रज्ञ आधीपासून धरून बसले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेने जे जर्मन तज्ज्ञ आपल्याकडे नेले त्यांपैकी ते एक. ही वस्तू अजून पारखलेली नाही, असे नौदलाचे म्हणणे होते. अखेर तडजोड झाली: एक प्रक्षेपक बॅटरीवर, दुसरा सौरघटांवर.

17 मार्च 1958 रोजी व्हॅनगार्ड-1 कक्षेत गेला. वजन दीड किलोहून किंचित कमी, आकार पपनसाएवढा. सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी त्या आकाराची टरही उडवली. त्याची बॅटरी जूनमध्येच संपली. सौरघटांवर चालणारा प्रक्षेपक मात्र, फक्त 5 मिलिवॉटचा, 1964 पर्यंत बोलत राहिला. सोव्हिएतांनीही मे 1958 मध्ये सोडलेल्या स्पुटनिक-3 वर सौरघट बसवले होते. तेही चांगले चालले. एकदा हे दिसल्यावर दोन्ही बाजूंनी पैसा ओतला. टेहळणीचे उपग्रह, हवामानाचे उपग्रह, दळणवळणाचे उपग्रह, सगळ्यांना वीज हवी होती आणि अवकाशात जाऊन बॅटरी बदलणे शक्य नव्हते. वॉटमागे शेकडो डॉलर देणारे गिऱ्हाईक शेवटी मिळाले. कोट्यवधींच्या रॉकेटपुढे सौरघटाची किंमत चिल्लर होती.

एका थराची उलथापालथ

इथून पुढची हकिकत अभ्यासकांपलीकडे फारशी कुणाला माहीत नसते, पण घराच्या गच्चीवरील पॅनेलशी तिचा थेट संबंध आहे.

सौरघट म्हणजे सिलिकॉनचे दोन थर. एका थरात बोरॉनसारख्या मूलद्रव्याचा अंश असतो, त्याला पी-प्रकार म्हणतात. दुसऱ्यात फॉस्फरस किंवा आर्सेनिकचा अंश, तो एन-प्रकार. दोहोंच्या सीमेवर विद्युतक्षेत्र तयार होते. उन्हामुळे सुटलेले विद्युतभार त्या सीमेपर्यंत पोहोचले की वीज मिळते, वाटेतच विरले की गेले वाया. बेल लॅबच्या पहिल्या सेलमध्ये खालचा जाड पाया एन-प्रकारचा होता आणि वरचा पातळ पापुद्रा पी-प्रकारचा.

1958 मध्ये पृथ्वीभोवती किरणोत्सारी कणांचे पट्टे असल्याचा शोध लागला. या पट्ट्यांतून फिरणाऱ्या उपग्रहांचे सौरघट लवकर म्हातारे होत. वेगवान कण सिलिकॉनच्या स्फटिकात घुसून त्याची घडी विस्कटतात आणि मग विद्युतभार वाटेतच अडकतात. सिग्नल कोअरच्याच प्रयोगशाळेत 1960 च्या सुमारास लक्षात आले, की थर उलटे केले, म्हणजे पाया पी-प्रकारचा आणि वरचा पापुद्रा एन-प्रकारचा ठेवला, तर सेल हा मारा किती तरी जास्त सोसतो. पी-प्रकारच्या पायात सीमेकडे धावणारा भार इलेक्ट्रॉनचा असतो. तो चपळ, त्यामुळे स्फटिक थोडा बिघडला तरी वेळेत पोहोचतो.

हा शोध अगदी वेळेवर लागला. 9 जुलै 1962 रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरावर 400 किलोमीटर उंचीवर 1.4 मेगाटनचा अणुबॉम्ब फोडला. ‘स्टारफिश प्राइम’ हे त्या चाचणीचे नाव. सोव्हिएतांनीही त्याच वर्षी उंच आकाशात अणुस्फोट केले. या स्फोटांनी पृथ्वीभोवती कृत्रिम किरणोत्साराचे कडे तयार झाले आणि त्यात अनेक उपग्रह सापडले. ब्रिटनचा पहिलाच उपग्रह एरियल-1 हा त्यांतला एक. त्याच्या सौरघटांना इजा झाली. ‘स्टारफिश’च्या दुसऱ्याच दिवशी सोडलेल्या टेलस्टार या दळणवळण उपग्रहाच्या आतील ट्रान्झिस्टरांनी सात महिन्यांत मान टाकली. त्याच्या अंगावर 3,600 सौरघट होते, उलट्या थरांचे. पुढे अवकाशासाठी हीच रचना प्रमाण झाली. सगळी यंत्रे, सगळे अनुभवी हात आणि सगळे संशोधन त्याच वाटेने गेले.

1970 च्या दशकात तेलाचा भडका उडाला आणि सौरघट जमिनीवर उतरला, तेव्हा तो हीच रचना घेऊन उतरला. गच्चीवर अणुस्फोटाचा किरणोत्सार नसतो. तरीही पुढची चाळीसहून अधिक वर्षे जगातील बहुसंख्य पॅनेल पी-प्रकारच्या पायावर बनत राहिली. कारण साधे आहे: जे बनवता येते, स्वस्त पडते आणि सगळ्यांना ठाऊक असते तेच बनत राहते. याची एक किंमत मात्र ग्राहक मोजत होता. बोरॉन आणि सिलिकॉनमध्ये राहून गेलेला ऑक्सिजन यांची उन्हात जोडी जमते आणि नवे पॅनेल पहिल्या काही दिवसांतच एक-दोन टक्के ताकद गमावून बसते. अवकाशातील शत्रूपासून वाचण्यासाठी घातलेले चिलखत जमिनीवर असे अंगाला काचत होते.

हे बदलले ते अगदी अलीकडे. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेने 2013 मध्ये मांडलेल्या ‘टॉपकॉन’ या रचनेत पाया पुन्हा एन-प्रकारचा असतो, बेल लॅबच्या पहिल्या सेलसारखा. 2024 च्या सुमारास बाजारात या पॅनेलचे पारडे जड झाले.

विदर्भासाठी हा बदल नुसत्या शास्त्रीय कुतूहलाचा नाही. पॅनेलवर छापलेले वॉट हे सेलचे तापमान 25 अंश असताना मोजलेले असतात. मे महिन्यात नागपूरच्या गच्चीवर पॅनेल सहज 65 अंशांना जाते. पी-प्रकारचे नेहमीचे पॅनेल दर अंशामागे सुमारे 0.35 टक्के ताकद गमावते, टॉपकॉन सुमारे 0.30 टक्के. म्हणजे 540 वॉटचे पॅनेल भर दुपारी पहिल्या प्रकारात 464 वॉटांवर येते, दुसऱ्यात 475 वर. फरक एका पॅनेलला फार वाटत नाही. पण पंचवीस वर्षे, दर उन्हाळ्यात, दर गच्चीवर तो साचत जातो. ‘एवढे ऊन, तरी युनिट कमी का?’ हा मे महिन्यातला वैदर्भीय प्रश्न इथून येतो. सौरघटाला उजेड हवा असतो, उष्णता नको असते.

दोघांकडून घेतलेले

भारताच्या वाट्याला ही स्पर्धा वेगळ्या रूपात आली. 1975 हे वर्ष त्यासाठी पाहण्यासारखे आहे. 19 एप्रिलला ‘आर्यभट’ हा पहिला भारतीय उपग्रह सोव्हिएत रॉकेटने, सोव्हिएत भूमीवरून गेला. प्रा. यू. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली बंगळूरजवळच्या पीण्या येथील शेडमध्ये तो बांधला होता. सौर पॅनेल आणि बॅटऱ्या सोव्हिएतांनी दिल्या होत्या. त्याच वर्षी 1 ऑगस्टपासून अमेरिकेने आपला एटीएस-6 हा उपग्रह वर्षभरासाठी भारताला वापरायला दिला आणि सहा राज्यांतील सुमारे 2,400 खेड्यांत शेती, आरोग्य आणि शिक्षणाचे दूरचित्रवाणी कार्यक्रम पोहोचले. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. दोन महासत्तांपैकी एकीने उपग्रह सोडून दिला, दुसरीने उसना दिला, आणि देशाने दोघींकडून शिकून घेतले. हा हिशेबीपणा त्या काळी अलिप्ततेच्या तत्त्वात गुंडाळला जाई. व्यवहारात तो चांगला उपयोगी पडला.

जमिनीवरच्या सौरऊर्जेतही सुरुवात उशिरा नव्हती. साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीने 1977 मध्ये पहिला भारतीय सौरघट बनवला. 1980 च्या दशकात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या तंत्रावर तामिळनाडूतील मेट्टूरला शुद्ध सिलिकॉनही बनू लागले होते. ते टिकले नाही. चीनमध्ये तेव्हा या क्षेत्रात सांगण्यासारखे फारसे नव्हते, हे लक्षात घेतले तर चुकलेली गाडी किती मोठी होती ते कळते.

चीनची गाडी सुटली ती एका विद्यार्थ्याच्या बरोबर. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील मार्टिन ग्रीन यांची प्रयोगशाळा सौरघटासाठी जगात नावाजलेली. तिथे पीएच.डी. केलेले शी झेंगरोंग मायदेशी परतले आणि 2001 मध्ये वूशी शहरात त्यांनी ‘सनटेक’ कंपनी काढली. गिऱ्हाईक जर्मनीने पुरवले. 2000 च्या कायद्याने तिथे सौर विजेला वीस वर्षे ठरलेला चढा दर मिळू लागला होता. चीनने यंत्रे युरोप, अमेरिका आणि जपानमधून घेतली, शुद्ध सिलिकॉन अमेरिका आणि जर्मनीकडून घेतले, मजुरी आणि जोडणी आपली. म्हणजे आज भारत जिथे आहे, साधारण तिथेच पंचवीस वर्षांपूर्वी चीन होता.

पुढचे पाऊल त्याने कसे टाकले, यात अमेरिकेचाही हात आहे. 2012 मध्ये अमेरिकेने चिनी सौरघटांवर जबर आयात शुल्क लावले. चीनने उलट अमेरिकी शुद्ध सिलिकॉनवर शुल्क बसवले आणि स्वतःचे सिलिकॉन कारखाने उभारण्याचा सपाटा लावला. वॉशिंग्टन राज्यातील मोझेस लेक येथील मोठा कारखाना ग्राहक गमावून 2019 मध्ये बंद पडला. चिनी पॅनेल अडवायला गेलेल्या शुल्काने चीनला कच्च्या मालातही स्वावलंबी केले. 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने हिशेब मांडला, तेव्हा सिलिकॉनपासून पॅनेलपर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावर चीनचा वाटा 80 टक्क्यांच्या वर होता. पॅनेलची किंमत वॉटमागे दहा सेंटपर्यंत घसरली. 1950 च्या दशकातील 300 डॉलरशी तुलना केली तर तीन हजारांत एक भाग.

ही स्वस्ताई निर्मळ नाही. 2020 च्या सुमारास जगातील जवळपास निम्मे शुद्ध सिलिकॉन चीनच्या शिनजियांग प्रांतातून येत होते. तिथे कोळशाची स्वस्त वीज आहे आणि उइघुर मुस्लिमांकडून सक्तीने काम करून घेतले जात असल्याचे गंभीर आरोप आहेत. अमेरिकेने जून 2022 पासून त्या प्रांताशी संबंधित मालाला बंदी केली. भारतीय पॅनेलला अमेरिकेत एवढी मागणी आली तिचे मुख्य कारण हे. चिनी माल अडला, म्हणून भारतीय माल खपला.

बुटीबोरीपुढचा प्रश्न

नियमांच्या या खेळात भारतालाही फटके बसले आहेत. 2010 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सौर अभियानात देशी सेल वापरण्याची अट होती. अमेरिकेने त्याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली आणि 2016 मध्ये निकाल भारताच्या विरोधात गेला. सहा वर्षांनी अमेरिकेने स्वतःच्या कायद्यात देशी मालाला जादा करसवलत ठेवली. महासत्तांना आपले नियम स्वतःला लावायची सवय नसते, हे यातून पुन्हा दिसले.

भारताने मग वेगळी वाट घेतली. एप्रिल 2022 पासून आयात पॅनेलवर 40 टक्के आणि सेलवर 25 टक्के सीमाशुल्क लागले. सरकारी आणि अनुदानाच्या प्रकल्पांत फक्त मान्यताप्राप्त यादीतील पॅनेल वापरण्याचे बंधन आले. जून 2026 पासून सेलसाठीही तशीच यादी लागू करण्याचे ठरले. बुटीबोरीसारख्या ठिकाणी कारखाने येतात ते या भिंतीच्या आडोशाने. त्यातला धोकाही उघड आहे. 2020 मध्ये गलवानच्या संघर्षानंतर चिनी तंत्रज्ञांचे व्हिसा अडकले, तेव्हा देशभरात आयात केलेली यंत्रे जुळवायला माणसे मिळेनात. शेवटी सरकारला व्हिसाचे नियम सैल करावे लागले. आणि जुलै 2025 मध्ये अमेरिकी पॅनेल उत्पादकांनी भारत, इंडोनेशिया आणि लाओस यांच्या मालाविरुद्ध तक्रार दाखल केली. पुढच्या महिन्यात अमेरिकेने भारतीय मालावरील शुल्क 50 टक्क्यांवर नेले. मागचे दारही हलले, पुढचेही.

म्हणून खरा प्रश्न पॅनेल जोडण्याचा नाही. इथे सिलिकॉनची कांडी ओढली जाणार का, हा आहे. सिलिकॉन 1,414 अंशांना वितळते. त्या रसात स्फटिकाचा एक छोटा तुकडा बुडवून, फिरवत फिरवत, अगदी सावकाश वर ओढला की एकसंध स्फटिकाची माणसापेक्षा उंच कांडी तयार होते. पोलिश रसायनशास्त्रज्ञ यान चोक्राल्स्की यांची ही पद्धत 1916 ची आहे. मग हिऱ्याचे कण चढवलेल्या बारीक तारेने कांडी चिरून वेफर काढतात. या कामात पुस्तकात न मावणारे कसब असते: तापमान किती, वेग किती, केव्हा थांबायचे. मध्येच वीज गेली तर कांडी वाया. त्यामुळे अशा कारखान्याला चोवीस तास, न चुकता, स्वस्त वीज लागते, आणि पुढे सेल बनवायला अतिशुद्ध पाणी. शुद्ध सिलिकॉन बनवायचे तर किलोमागे पन्नास-साठ युनिट वीज खर्ची पडते. विदर्भात कोळसा आहे, वीजप्रकल्प शेजारीच आहे. पाण्याचे मात्र उन्हाळ्यात दरवर्षी नव्याने गणित मांडावे लागते, आणि त्यात शेतीही वाटेकरी आहे. सौर पॅनेल कोळशाच्या विजेवर बनवण्यात विसंगती आहेच. पण पॅनेल आपल्या निर्मितीला लागलेली वीज दोनेक वर्षांत परत करते आणि नंतर वीसहून अधिक वर्षे चालते.

कांडी ओढण्यापर्यंत पोहोचलो नाही तर काय होते, ते सनटेकच्या पडझडीत दिसले. किंमती कोसळल्या आणि 2013 मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली. चीनमध्ये मात्र कच्च्या मालापासून यंत्रांपर्यंतची सगळी साखळी शिल्लक होती, त्यामुळे उद्योग वाचला. नुसती जोडणी असलेल्या गावात कारखाना गेला की मागे उरते ती शेड. आयटीआय करून पॅनेल कारखान्यात लागलेल्या हिंगणा, उमरेड, सेलू भागातील तरुणांसाठी हा फरक पगाराच्या चिठ्ठीचा आहे.

सामान्य ग्राहकाला या साऱ्याची गाठ पडते ती गच्चीवर. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटच्या संचाला 78 हजार रुपये अनुदान मिळते, पण पॅनेल ‘डीसीआर’ असले तरच, म्हणजे पॅनेल आणि त्यातील सेल दोन्ही भारतात बनलेले हवेत. विक्रेता कधी स्वस्त पॅनेल पुढे करतो. त्यात जोडणी भारतातली आणि सेल बाहेरचा असतो. कायद्याने ते विकायला बंदी नाही, अनुदान मात्र मिळत नाही. तेव्हा कोटेशन घेताना तीन गोष्टी लेखी मागाव्यात: डीसीआर प्रमाणपत्र, सेलचा प्रकार आणि तापमानाचा गुणांक. तिसरा आकडा माहितीपत्रकात सहसा शेवटी, बारीक अक्षरांत असतो. तो वजा चिन्हाने लिहिलेला असतो आणि शून्याच्या जितका जवळ, तितके पॅनेल नागपूरच्या मे महिन्याला बरे.